दहावा माणूस जालन्यात

परतुरात मिल्काबाई थळकर म्हटलं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या तेव्हा त्यांचं इंजेक्शन दुखायचं नाही. दुसरी, शनिवारी त्यांच्या घरात गॅस पेटत नाही. नव्या माणसाला त्या ख्रिश्चन वाटतात. मग त्या समजावतात, आम्ही ज्यू, बेने इस्राएल, मूळचे कोकणातले. समोरचा मान डोलावतो आणि डिसेंबरात न चुकता नाताळाच्या शुभेच्छा देतो. बाईंनी चिडणं सोडलंय, निदान त्या तसं म्हणतात.

नवरा दानियल थळकर इथे स्टेशनमास्तर होता. रिटायर झाल्यावर पुण्याला जायचं ठरवता ठरवता दोघं इथलीच झाली. लॉकडाऊनमध्ये एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तो गेला. पुण्याहून कुणी येणं शक्यच नव्हतं. शेजारच्या देवानंद गुरुजींनी आपल्या शेतातला बांधालगतचा कोपरा दिला, खड्डाही स्वतः खणला. बाईंना जेवढी प्रार्थना पाठ होती तेवढी त्यांनी म्हटली. राहिला तो कद्दिश.

कद्दिश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची देवाची स्तुती. त्यात मरणाचा शब्दही नाही. पण ती एकट्यादुकट्याने म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष उभे लागतात आणि ऐकणाऱ्यांनी मधूनमधून आमेन म्हणायचं असतं. अख्ख्या जालना जिल्ह्यात दहा कुठले, एकही नव्हता! "पुण्याला जाऊन म्हणवून घे ना," मुलगी इस्राएलमधल्या अश्दोदहून सांगायची. बाईंचा हट्ट एकच. माणूस इथल्या मातीत आहे, तर आमेन याच मातीवर म्हणणार. हा हट्ट उराशी धरून बाईंनी वर्षं काढली. रात्री अंथरुणावर पडलं की तोंडात ते आमेन तयार असायचं आणि तसंच गिळावं लागायचं.

पुण्याच्या नहूम झिराडकर सरांचा एक अभ्यासवर्ग आहे, मुसारचा. माणसानं आपला स्वभाव कसा घडवावा, याचं हे ज्यूंचं जुनं शिक्षण. एकेक गुण घ्यायचा, नम्रता म्हणा, कृतज्ञता म्हणा, आणि महिनाभर तो अंगी बाणवायची खटपट करायची. बाई फोनवरून वर्गाला बसत. वर्षातून एकदा मंडळी शुक्रवार-शनिवार कुठेतरी एकत्र राहतात. यंदा बाईंनी सरांना सरळच सांगितलं, "परतूरला या. बायका कितीही आणा, पुरुष मात्र दहा आणा."

शुक्रवारी दुपारच्या गाडीने नऊ पुरुष उतरले. दहावा एझ्रा पेणकर, त्याला ऑफिसातून सुटी नव्हती म्हणून मागच्या गाडीने निघालेला. बाईंनी नारळाच्या दुधातली सांदणं करून ठेवलेली, शब्बाथचे दिवे मांडलेले. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंतचा विसाव्याचा दिवस. सूर्य कलला आणि एझ्राचा फोन आला. गाडी वाटेत रखडली होती. "मावशी, जालन्यातच उतरतोय. शब्बाथ लागला की गाडीत बसता येणार नाही. इथेच लॉजवर राहतो." आणि त्याने फोन बंदही केला, कारण शब्बाथला फोनही चालत नाही.

बाईंनी दिवे लावले. डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली आणि हात जरा जास्तच वेळ तिथे ठेवले.

शनिवारी सकाळी अभ्यासाला विषय निघाला सबुरी. योगायोग कसला, सरांनी महिन्यापूर्वीच ठरवलेला. सर म्हणाले, "ज्याचा राग येतो, त्याच्या पाठीवर काय ओझं असेल ते आधी बघायचं. प्रत्येकानं असा एक माणूस मनात आणा."

"मनात कशाला, नावच सांगते," बाई म्हणाल्या. "एझ्रा पेणकर. मेल्याला सकाळची गाडी धरायला काय झालं होतं?"

सगळे हसले. बाईही हसल्या आणि पदराने डोळे पुसले. मग कुणी हसलं नाही.

तेवढ्यात देवानंद गुरुजी दारात आले. त्यांना बायकोकडून, शिवकन्येकडून, सगळं कळलं होतं. "बाई, मी जीप काढून राह्यलो. दोन-अडीच तासांत त्यांना घेऊन येतो. गाडी मी चालवनार, तुमचा नियम कुठं मोडला?"

"बसणाऱ्यालाही चालत नाही, गुरुजी," सर हळूच म्हणाले. "पण बाई, एझ्राला तुमचा निरोप गेला तर तो येईल. तो नाही म्हणणार नाही."

सगळी खोली बाईंकडे पाहत होती. नुसतं बरं म्हणायचं होतं. बाईंना ते म्हणायचं होतं, जीव तुटत होता म्हणायला.

"न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्या आमेनसाठी त्या पोराचा शब्बाथ कशाला मोडायचा? तो बिचारा लॉजवर एकटा बसलाय. हे गेल्यापासून मी एकटीनंच शब्बाथ पाळते, मला ठाऊक हाय ते कसं असतं."

गुरुजी बसले, अभ्यास ऐकत.

संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ सुटला. मंडळींची परतीची गाडी लगेचच होती. नऊजण बॅगा उचलतात तोवर मिल्काबाई चपला घालून दारात उभ्या.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"जालन्यापर्यंत. एझ्रा तिथंच चढणार ना? त्याला फोन करा, फलाटावर उभा राहा म्हणावं. जालनाही आपल्याच जिल्ह्यात हाय."

"पण बाई, गाडी तिथं थांबते किती!"

"थांबेल तेवढी थांबेल."

जालन्याला गाडी थांबायच्या आत नऊजण दाराशी आले होते. फलाटावर एझ्रा, चेहरा अपराध्यासारखा. तो माफी मागू लागला तेव्हा बाईंनी त्याचा हात धरून त्याला रांगेत उभं केलं. चढणारे-उतरणारे वाट काढत होते, चहावाला ओरडत होता. सरांनी सुरुवात केली. बाईंनी पहिलं आमेन म्हटलं तेव्हा आवाज निघालाच नाही. दुसरं निघालं. तिसरं इतकं मोठं निघालं की चहावाला गप्प झाला.

शिट्टी झाली. गाडी हलली. "चढा, चढा!" बाईच ओरडल्या, आणि दहाही जण धावत चढले. सर दारातल्या दांडीला धरून शेवटची ओळ म्हणत होते, शांतीची. चाकांच्या आवाजात ती बाईंना धड ऐकू आली नाही. पण सरांच्या ओठांवरून ती कुठे संपते, ते त्यांना कळलं.

फलाटावर आता एकट्या बाई उरल्या होत्या.

"आमेन," त्या म्हणाल्या.