लिमाकोनवरचा बेकायदा भोपळा

ओसिंग मागबानुआ लिमाकोनवर आली ती नवऱ्यापाठोपाठ. इस्कोला तिथल्या चौकीचा जनरेटर सांभाळायचं काम मिळालं होतं. पालावान बेटाहून बोटीनं दीड दिवस, आणि समोर काय, तर पांढऱ्या वाळूचा एक पट्टा. या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जावं एवढा. सरकारनं तिथे सहा सैनिक आणि तेरा रहिवासी ठेवले होते, कारण माणसं राहत असली की बेट आपलं म्हणता येतं. पलीकडच्या मोठ्या देशाचं म्हणणं, हा अख्खा समुद्रच आमचा. त्यांची गस्ती बोट रोज सकाळी येऊन भोंग्यावरून बजावायची, "तुम्ही आमच्या हद्दीत आहात, ताबडतोब निघून जा." मग सार्जंट व्हेंताहा आपला भोंगा काढून तेच वाक्य त्यांना ऐकवायचा. एवढं झालं की दोन्ही बाजू नाश्त्याला जात.

ओसिंग कुयो बेटावरची, भाजी पिकवणाऱ्या घरातली. रोज भात आणि मासे, मासे आणि भात. तिचा जीव विटला. तिनं वाळूत भोपळ्याचं बी लावलं. जळालं. पुन्हा लावलं. मिठानं मेलं. चार वर्षं हेच चाललं. मग तिनं माशांची आतडी, नारळाच्या शेंड्या आणि कोंबड्यांची शीट खड्ड्यात कुजवायला घातली. असा वास सुटला की सार्जंट म्हणाला, "नानाय, शत्रूला पळवायला आता आमची गरज नाही." सगळे तिला नानाय, म्हणजे आई, म्हणत. आईला थांब सांगून काय उपयोग! पाचव्या वर्षी वेल धरला आणि त्याला एक भोपळा लागला. नऊ किलोचा.

बातमी राजधानीत, मनिलाला गेली. एका खात्याची माणसं खास जहाज करून आली, भोपळ्याशेजारी झेंडा रोवून फोटो काढून गेली. 'लिमाकोनची भूमी माणसाला पोसते,' असं पेपरात छापून आलं. आठवड्याभरात पलीकडच्या देशानं रीतसर निषेधपत्र धाडलं आणि गस्ती बोटीनं नवं वाक्य सुरू केलं, "आमच्या भूमीवरचा बेकायदा भोपळा तात्काळ हटवा."

ओसिंगनं सार्जंटच्या हातातला भोंगा हिसकावला. "तुमचा असेल तर पाणी घालायला का नाही येत रे, आळशांनो?"

बोटीनं पुन्हा पहिलं वाक्य म्हटलं आणि ती निघून गेली.

पुढच्या वर्षी पाच भोपळे लागले, आणि मनिलाहून वकील याबुत आले. ते दुसऱ्या खात्याचे. बोट लागून त्यांचा चेहरा हिरवा पडला होता, तरी उतरल्या उतरल्या ते वेलाकडे गेले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"नानाय, हे काय करून ठेवलंत? परदेशातल्या कोर्टात पलीकडच्या देशाविरुद्ध आपला दावा चालू आहे. त्यांच्या ताब्यात एक मोठं बेट आहे. तिथे माणूस जगू शकतो असं ठरलं, तर भोवतालचा दोनशे सागरी मैल समुद्र त्यांचा. म्हणून आपण सांगतोय, या समुद्रात कुठेच माणूस जगू शकत नाही. नुसते खडक आहेत. या भोपळ्यांपायी कोर्टात आपल्याला भोपळा मिळेल!"

"मग मी सहा वर्षं इथे काय करतेय?"

"तुम्ही इथे राहता. पण कायद्यानं जगत नाही."

"इस्को, ऐकलंस? आपण मेलोय!"

"मग जनरेटर कोण बघतंय?" इस्को आतून ओरडला.

ओसिंगनं वकिलांना आधी जेवायला बसवलं. नारळाच्या दुधात शिजवलेला भोपळा त्यांनी तीनदा मागून घेतला. तोंड पुसून त्यांनी कागद काढला. लिमाकोनवर काहीही पिकत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. खाली तिची सही हवी होती.

"हे खत ज्या कोंबड्यांचं, त्या कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"पालावानच्या."

वकिलांचा चेहरा खुलला. "मग झालं! भोपळा मुळात पालावानचाच. इथे फक्त मुक्कामाला आहे."

आतापर्यंत ओसिंग हसत होती. आता तिनं कागद परत सरकवला. "पाच वर्षं वाटी-वाटीनं पाणी घातलंय मी. ते कोंबडीनं घातलं का? माझं नाव घाला, नाहीतर सही नाही."

दुपारभर घासाघीस झाली. शेवटी वकिलांनी लिहिलं, 'येथे काहीही पिकत नाही. अपवाद: ओसिंग मागबानुआ.' तिनं ते दोनदा वाचलं आणि ठसठशीत सही केली. तो कागद कोर्टात कधी दाखवलाच नाही, असं नंतर कळलं. इकडे पहिल्या खात्याला याचा पत्ताच नव्हता. त्यांनी तिला सन्मानपत्र आणि पोतंभर बियाणं पाठवलं. त्याच जहाजातून दुसऱ्या खात्याचं लागवडबंदीचं पत्र आलं. तिनं दोन्ही कागद पेटीत ठेवले आणि बियाणं पेरलं.

तीन वर्षांनी निकाल लागला. सगळे खडक! आपला देश जिंकला. लिमाकोन माणसानं राहण्याजोगं नाही हे आता जगानं मान्य केलं, म्हणून एकोणीसच्या एकोणीस जणांनी दिवसभर मेजवानी केली. सार्जंट नाचता नाचता पडला. स्वयंपाक अर्थातच ओसिंगनं केला.

पुढे गुडघे धरले तेव्हा ती इस्कोला घेऊन कुयोला परतली. तिथली माती काळी. भोपळा कुंपणावर आपोआप चढतो, कुणी बघतही नाही. ओसिंगनं एक हंगाम ते पाहिलं आणि मग ती शिवणकामाला लागली.