हळूहळू निवू द्यायचं

आक्काची लेक, म्हणजे माझी भाची, परवा मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. पडद्यावर तिने इवल्या इवल्या चौकोनी पेट्या दाखवल्या. डीएनएच्या धाग्यांच्या, नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या.

"या जोडल्या कुणी गं?"

"कुणीच नाही, मामा. धागे पाण्यात सोडून तापवायचे आणि हळूहळू निवू द्यायचं. ज्याचं ज्याच्याशी जुळतं, तो त्याला बरोबर शोधतो."

अशा पेटीत औषध भरायचं आणि आजारी पेशी भेटली तरच झाकण उघडायचं, असा त्यांचा खटाटोप चालला आहे. ती उत्साहाने सांगत होती, पण मी केव्हाच आमच्या जळगावच्या गच्चीवर पोचलो होतो.

मे महिन्यात वडील संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायचे. तापलेली फरशी चर्र करायची. ती निवत गेली की एकेक गादी वर यायची. जागा कुणी वाटून दिल्या नव्हत्या, तरी भाऊ कठड्याशी, मग मी, मग आई आणि तिच्या पलीकडे आक्का, असंच रोज जमायचं.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं भावंडं त्या घरी जमलो. खाली एसी घुरघुरत होता. तरी मी हट्टाने गच्चीवर पाणी मारलं. फरशी निवल्यावर भाऊ उशी घेऊन आला आणि गुडघा धरत कठड्याशी आडवा झाला. मी त्याच्या शेजारी पडलो. शेवटी आक्का आली. तिने माझ्यापासून एका गादीची जागा सोडली आणि आपलं अंथरूण घातलं.