ओळखीची पाटी

धायरीतले आमचे शेजारी, निवृत्त हेडक्लार्क, लेकीच्या बाळंतपणासाठी पत्नीसह चार महिने अमेरिकेत होते. इथे बर्गरचं दुकान उघडलं तेव्हा "पावात बटाटा भरायला परदेशी कंपनी लागते?" म्हणणारे हेच. तिथे मात्र दोघं रोज त्याच कंपनीच्या दुकानात जाऊन बसत.

"अहो, परक्या गावात तेवढी एकच पाटी ओळखीची होती," ते मला म्हणाले.

वहिनी लेकीसाठी संकष्टी कडक पाळायच्या. त्या दिवशी त्या दुकानातला तळलेला बटाटा खायच्या. बटाटा आणि मीठ, उपवासाला चालतं. तिसऱ्या संकष्टीला यांनी पाहिलं, कोंबडीचे तुकडेही त्याच तेलातून निघत होते. बाळंतपणाला आठ दिवस उरले होते.

"वहिनींना सांगितलंत?"

"छे! लेकीला साधी शिंक आली असती तरी हिनं स्वतःला दोष दिला असता. माझं पोट बिघडलंय म्हणालो आणि जाणंच बंद केलं."

लेक आणि नात सुखरूप आहेत. वहिनी सोसायटीभर सांगतात, "बोलायला एवढे तिखट, पण यांना तिकडचं काही पचलं नाही."

हे बाजूलाच उभे राहून मान डोलावतात.