पिकअपची वाढलेली भूक

पहाटे चार पन्नास. लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात एक बाई पिकअपच्या उघड्या बॉनेटखाली वाकून ऑइलची पट्टी पुसत होती. मोबाइल दातांत धरलेला, त्याचा टॉर्च चालू. तिने पट्टी इंजिनात घातली, बाहेर काढली, बघितली. पुन्हा पुसली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदाही तेच दिसल्यावर तिने मोबाइल तोंडातून काढला आणि एक शिवी हासडली. ऐकायला अंगणात कोणी नव्हतं.

पट्टीवर दोन खुणा असतात आणि ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. त्या पहाटे ते वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं. परवा संध्याकाळी घरासमोर बघितलं तेव्हा खालच्या खुणेला जेमतेम टेकलेलं. रात्रीतून गाडीतलं डिझेल चोरीला जातं हे तिला माहीत होतं. कोणी रात्री येऊन ऑइल भरून जातं, हे नवीन होतं.

लॉन्ड्रीत सगळे तिला पायलट म्हणतात. मोठ्या हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे हिरवे डगले रोज पहाटे पोचवायचे आणि मळलेले परत आणायचे, हे तिचं काम. सहाच्या आत कपडे पोचले नाहीत तर वॉर्डातले पलंग उघडे राहतात. महिन्याभरात ती दोनदा उशिरा पोचली होती. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या स्टोअरवरच्या बाईंनी दुसऱ्या खेपेला आवाज न चढवता सांगितलं होतं, "आता तिसऱ्यांदा झालं तर मी दुसरी गाडी बघीन हं. मग माझ्यावर रागवायचं नाही." दुसरी गाडी कुठली, हे पायलटला ठाऊक होतं. नवी कोरी व्हॅन, दारं बटणावर सरकणारी.

दोन्ही उशिरांचं कारण एकच. पिकअप पहाटे लवकर सुरू होत नव्हती, आणि झालीच तर निळसर धुराचा लोट सोडत निघायची. घरच्यांच्या भाषेत ती ऑइल खात होती.

हे खाणं सुरू झालं ते गेल्या वर्षी. त्याआधी हे कुटुंब नदीकाठच्या सपाट भागात भाड्याने राहायचं. मग टेकडीवरची जागा मिळाली: दोन खोल्या, हवेशीर, गल्ली एकमार्गी आणि चढाची. पायलट गाडी नाक वर करून दारात लावायची आणि मागच्या चाकाला दगड. तिथे आल्यापासून पट्टीवर ऑइल कमीच दिसायला लागलं, आणि तीही दिसेल तेवढं कमी भरून काढायला लागली. सासूबाई खिडकीत बसून हा कार्यक्रम बघायच्या. "या घरात आल्यापासून सगळ्यांचीच भूक वाढलीय," त्या म्हणाल्या होत्या. "माझा मुलगा बघ, नातवंडं बघ. आता गाडी!" सगळे हसले आणि विषय संपला. खरं तर तिथेच धागा सापडला होता, पण विनोदाकडे कोण लक्ष देतं?

गाडीचे डॉक्टर म्हणजे धाकटे दीर. बाजारामागे त्यांचं गॅरेज आहे, हात चांगला आहे, गिऱ्हाईक ताटकळत बसतं. पण घरची गाडी गॅरेजला न्यायची नाही, असा त्यांचा आग्रह. "गिऱ्हाइकाच्या रांगेत वहिनीला उभं करू का? मी येतो की रविवारी जेवायला." म्हणून गाडीचं सगळं दारातच व्हायचं. जेवण झालं की दीर गाडीखाली सरकायचे आणि आतून ढेकर ऐकू यायचा.

धूर बघून त्यांनी निदान केलं: इंजिन म्हातारं झालं, आतल्या रिंगा झिजल्या, आता जाड ऑइल घालायचं. त्या रविवारी त्यांनी दारातच जुनं ऑइल काढलं, वीस-डब्ल्यू-पन्नासचं नवं ओतलं आणि पट्टीची वरची खूण गाठेपर्यंत ओतत राहिले.

"एवढं बसतं का हिच्यात?" पायलटने विचारलं होतं.

"बसलं ना? मग बसतं."

पायलटचे यजमान न्हावी आहेत. त्यांच्या दुकानातल्या तीन खुर्च्यांवर जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. ऑइलच्या प्रश्नाची तर जरा जास्तच मिळाली. अर्ध्या दाढीला साबण लावून बसलेला एक जण म्हणाला, जाड ऑइल म्हणजे इंजिनाला उन्हाळ्यात गोधडी. त्याने आपल्या नव्या मोटारीत घालतात ते पाच-डब्ल्यू-तीसचं पातळ सुचवलं. दुसरा म्हणाला, डब्ल्यू म्हणजे वजन, जितकं जास्त तितकं चांगलं. यजमान रोज रात्री नवं मत घेऊन घरी यायचे.

"अहो, तुमच्या गिऱ्हाइकांना म्हणावं, आधी आपले केस सांभाळा," पायलट म्हणायची.

वजनवाल्याचं चुकलं होतं. डब्ल्यू थंडीचा. त्याच्या आधीचा आकडा ऑइल गारठ्यात किती सहज धावतं ते सांगतो, लहान तितकं सहज. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर किती जाड राहतं त्याचा. गोधडीवाल्याचं निम्मं बरोबर होतं. वीसचं ऑइल पहाटेच्या गारठ्यात काकवीसारखं जड व्हायचं, आणि स्टार्टर ते ढवळता ढवळता दम तोडायचा. धूर मात्र कमी न होता वाढला. तेव्हा दिरांनी शेवटचा उपाय सांगितला: येत्या रविवारी इंजिन उघडायचं. म्हणजे गाडी दोन-तीन आठवडे आडवी. म्हणजे हॉस्पिटलची फेरी नव्या व्हॅनला.

रविवार तीन दिवसांवर असताना गल्लीत पाण्याच्या पाइपसाठी खड्डा पडला. त्या संध्याकाळी वर जाता येईना, म्हणून पायलटने गाडी लॉन्ड्रीच्या सिमेंटच्या अंगणात लावली आणि पायी घरी गेली. पहाटे चालत खाली आली आणि सवयीने पट्टी काढली. नेहमी ती पट्टी दारात बघायची. आज बघत होती सपाटीवर.

तिने पट्टी परत खोचली आणि बॉनेट खाली केलं. मग दरवाजा उघडून चावी फिरवली. स्टार्टर एकदा कण्हला, दुसऱ्यांदा कण्हला आणि थांबला. मागे चादरींचे गठ्ठे भरून तयार होते. तिने दिरांना फोन लावला.

"भाऊजी, चढावर नाक वर करून गाडी लावली तर ऑइल कुठे जातं?"

"वहिनी, पाच वाजलेत."

"ते मला माहितीय. ऑइल कुठे जातं?"

"मागे जाणार. उतार तिकडे, तर..." पट्टी इंजिनाच्या पुढच्या अंगाला असते. "अरे देवा," दीर म्हणाले.

"देवाला नंतर बोलवा. आधी तुम्ही या."

दीर स्कूटरवरून आले ते पायजम्यावरच, पायांत दोन वेगळ्या चपला. पाना, पसरट घमेलं, साबणाचा रिकामा डबा. खालचा नट सैल करून त्यांनी घमेल्यात ऑइल सोडलं, डबा भरेल एवढं जाऊ दिलं आणि नट पुन्हा आवळला. जवळजवळ तीन लिटर जास्तीचं. एवढ्या ऑइलमध्ये इंजिनाचा दांडा रोज रवीसारखा घुसळत होता, फेस होत होता आणि तो फेसच निळा धूर होऊन बाहेर पडत होता. गाडी उपाशी कधीच नव्हती. तिला कोंबून कोंबून भरवलं जात होतं.

"दर रविवारी मी स्वतः बघत होतो," दीर घमेल्याकडे बघत म्हणाले. "स्वतःच्या हाताने भरलं."

"जेवण झाल्यावर भरलंत ना. पोट भरलेलं असलं की दुसऱ्याला आग्रह होतोच."

"घरी सांगू नका, वहिनी."

"घरी कशाला सांगेन? यांच्या दुकानात सांगते."

स्टार्टर या खेपेला दोनदा कण्हला आणि इंजिन सुरू झालं. सहाला चार मिनिटं असताना पिकअप हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी उभी होती आणि फाटकाला कुलूप. पायलट उतरून फाटक बडवत राहिली. स्टोअरच्या बाई किल्ली घेऊन आल्या त्या घाईतच.

"अगं, आलीस कधी? मी खिडकीतून बघतेय, नेहमीसारखा धुराचा लोट कुठेच दिसेना. तुझा धूर दिसला की मी कुलूप काढायला निघते."

"आता नाही दिसायचा."

"मग मला कळायचं कसं? इथे हॉर्नला बंदी आहे."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत वेळेवर अशी नोंद केली.

रविवारी इंजिन उघडलं गेलं नाही. दुपारी जेवणाआधी पायलटने पिकअप दिरांच्या गॅरेजात, फरशीवर, दोन गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत लावली. ऑइल भरायच्या झाकणावरचा चिकटा तिने फडक्याने खरवडला, तर खाली कारखान्यानेच उठवलेले आकडे निघाले: पंधरा-डब्ल्यू-चाळीस. हेच झाकण तिने वर्षभर काढलं-घातलं होतं, आणि दिरांनीही. जाड पक्ष आणि पातळ पक्ष दोघांनीही ते वाचलं नव्हतं. दिरांनी वीस-पन्नास काढून पंधरा-चाळीस घातलं, या वेळी मापाने, आणि पट्टी वहिनीकडे दिली. ऑइल दोन खुणांच्या बरोबर मधोमध आलं.

"डब्ल्यू म्हणजे वहिनी," दीर म्हणाले. "आजपासून गॅरेजात हेच सांगणार."

धुराच्या नळीत साठलेला जुना चिकटा जळेपर्यंत आठवडाभर थोडा धूर येत राहिला, मग थांबला. सासूबाईंचा खिडकीतला कार्यक्रमही बंद पडला. गल्लीतला खड्डा केव्हाच बुजला, पण पायलट गाडी वर नेत नाही. पिकअप रात्री लॉन्ड्रीच्या अंगणात असते आणि मालकीण चढ चालून घरी जाते.

उद्या पहाटे चार पन्नासला ती अंगणात पट्टी बघेल. सहाच्या आत हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी गाडी लावेल आणि स्टोअरच्या बाईंना एक मिस्ड कॉल देईल.