कुणग्यातली पहिलटकरीण

बाळंतपणानंतर मी मसुऱ्याला आईकडे आले, तेव्हा भातं कापून झाली होती. घरामागच्या कुणग्यात, म्हणजे आमच्या भातशेतीच्या तुकड्यात, मेंढरं बसली होती. आमच्या बाजूला मेंढरं क्वचितच दिसतात. त्या वर्षी एक धनगर जोडपं कळप घेऊन घाट उतरलं होतं, आणि जमिनीला लेंड्यांचं खत मिळावं म्हणून आईने त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं होतं.

माझी खोली मागच्या अंगाला. खिडक्या लावलेल्या, खाटेखाली शेगडी, त्यात ओवा आणि बाळंतशोपेची धुरी. त्या धुरात मी अर्धवट झोपेत पडून असायचे. मेंढरांचं बें-बें कधी फार लांबून यायचं, कधी अगदी उशाशी, आणि मधल्या वेळात मी कुठे आहे हेच कळायचं नाही.

मुलगी सिझेरियनने झाली होती. अंगावर दूध जेमतेम येत होतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याबद्दल मला काही वाटतही नव्हतं. कुणाचं तरी बाळ सांभाळायला दिलंय, एवढंच. हे बोलणार कुणाशी? गावातली निम्मी पोरं माझ्या आईच्या पायांवर न्हालेली. ती रोज सकाळी माझ्या मुलीला घेऊन जायची, तेल चोळायची, कढत पाण्याने न्हाणायची, धुरी द्यायची आणि आणून द्यायची. बाळ परत यायचं ते आईच्या हातचं होऊन, तेलाच्या आणि ओव्याच्या वासाचं. पार्सल घ्यावं तसं मी ते घ्यायचे.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझ्या शरीरात काय घडायला हवं होतं ते मला तोंडपाठ होतं. त्याचा उपयोग शून्य. उलट चिडचिड वाढायची.

एका सकाळी धनगर कळप घेऊन चरायला गेला, धनगरीण पाण्याला गेली, आणि मागे ठेवलेली एक गाभण मेंढी कुणग्यात व्याली. पहिलटकरीण होती. मी खिडकी किलकिली करून बघत होते. पिल्लू ओलंकिच्च, थरथरत होतं.

"थंडयेन मरात गो तां," परसातून आई म्हणाली. न्हाणीतल्या चुलीवर माझ्या मुलीसाठी पाणी तापत होतं, ते तिने घंगाळात ओतून घेतलं. मेंढी पिल्लाला चाटते न चाटते तोच आईने ते उचललं, पाय पसरून बसली, पायांवर आडवं घेतलं आणि साबण लावून लख्ख न्हाणलं. वर धुरीही दिली. सवयीचे हात, त्यांना कोण थांबवणार? मला तर आपण अजून झोपेतच आहोत असं वाटत होतं.

पांढरंशुभ्र पिल्लू तिने मेंढीपुढे ठेवलं. मेंढीने हुंगलं आणि ढुशी देऊन लांब ढकललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुशी.

तेवढ्यात धनगरीण आली. "धुतलंसा व्हय, आई? आता ती वळखायची न्हाई वो."

आईने ओले हात पदराला पुसले. "माका वाटलां, बरां करतंय."

हे तर मी दरवर्षी शिकवते. गर्भ राखणारं प्रोजेस्टेरॉन विण्याच्या सुमाराला ओसरतं, इस्ट्रोजेन चढतं, आणि पिल्लू जन्माची वाट ताणत बाहेर येतं तेव्हा मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं. कालपर्यंत गर्भजलाच्या ज्या वासाला मेंढी नाक मुरडायची, तोच तिला हवाहवासा होतो. त्या वासावर ती आपलं पिल्लू ओळखायला शिकते. हा वेळ थोड्या तासांचा, गेला की गेला. माझी मुलगी सिझेरियनची, त्या वाटेने आलीच नव्हती.

मेंढीची वार, गर्भासोबतची नाळेची पिशवी, अजून पडायची होती. ती पडली तशी धनगरणीने उचलून पिल्लाच्या डोक्याला, पाठीला, शेपटाखाली चोळली. आईने घासूनपुसून काढलेलं सगळं परत जागच्या जागी गेलं. मेंढी हुंगत राहिली, बराच वेळ. मग तिने घशातल्या घशात एक हलकी घुरघुर केली आणि चाटायला लागली. पिल्लू धडपडत तिच्या कासेला लागलं. मी खिडकीत रडत होते, आणि परसातून आई मेंढीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं पाणी तापलं, तेलाची वाटी आली. मी मुलगी पुढे केली. आईने घेतली नाही.

"आज न्हाणूक नाय तेका. रवांदे तुझ्याकडेच," असं म्हणून तिने दार ओढून घेतलं.

मुलीला तिचा स्वतःचा वास होता. आंबट दुधाचा, घामाचा, मानेच्या वळीत साचलेला. मी तिथे नाक खुपसलं आणि हुंगत राहिले. कुणी बघत नव्हतं. किती वेळ गेला, देव जाणे. मग ती कुरकुरली, आणि माझा गाऊन पुढून भिजत गेला. मला पान्हा फुटला होता.