खंडेनवमी आणि माझा सोळा जीबीचा मोर

मी सोलापुरात पंधरा वर्षं कंप्युटर शिकवतो, आणि या प्रकरणात कंप्युटरची काहीही चूक नव्हती.

धाकटी बहीण सुनीता मोहोळला दिली, तेव्हाची गोष्ट. घरचे चार यंत्रमाग, त्यामुळं रुखवतात आपल्याच मागावरची चादर हवी आणि तिच्यावर मोरांची जोडी हवी, असा तिचा हट्ट. "दादा, सासरची पयली नजर तिच्यावरच पडणार. माझी लाज राख." नक्षी मी कंप्युटरवर काढणार होतो. दसऱ्याला ती तयार झाली तरच चादर लग्नाआधी मागावर चढणार होती.

मी आधी सोळा जीबीची रॅम बसवली आणि आई-अप्पांना समोर बसवून समजावलं. हार्डडिस्क म्हणजे कपाट, रॅम म्हणजे ओटा. आत्ता लागतं ते सगळं ओट्यावर. प्रत्येक डब्याच्या जागेला नंबर, म्हणून पाचवा डबा घ्यायला आधीचे चार हलवावे लागत नाहीत.

"आन् लाइट गेली तर?" आईनं विचारलं.

"ओटा साफ. पण आपल्याकडं इन्व्हर्टर हाय की."

घटस्थापनेला मी मोर काढायला बसलो. सेव्ह करताना मशीन मिनिटभर अडकायचं, म्हणून ठरवलं, पूर्ण झाल्यावर एकदाच करू. (आपोआप सेव्ह व्हायची सोय होती. ती सारखी मध्ये तोंड घालते म्हणून मीच बंद केली होती.) देवघरात अखंड दिवा, माझ्या खोलीत अखंड कंप्युटर. आठ दिवसांत मोराचं पीस न् पीस ओट्यावर मांडून झालं.

नवव्या दिवशी खंडेनवमी. मी झेंडूची फुलं घेऊन आलो तर माग बंद, पंखे बंद, आणि अप्पा माझ्या कंप्युटरला हळदकुंकू लावत होते.

"अप्पा, हा बंद कुणी केला?"

"मीच. आज यंत्रांना सुट्टी असती की. मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर बी बंद केला, त्यो बी यंत्रच न्हवं का?"

"माझा मोर गेला."

"मग रोज कपाटात ठेवायचा की," आई म्हणाली. पंधरा वर्षांत इतकी हुशार विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती.

सुनीता रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात पूजेला बसलेलं यंत्र अप्पा दुसऱ्या दिवसापर्यंत सुरू करू देईनात. दसऱ्याला दुपारी पूजा उचलली, तेव्हा हातात तीन तास उरले. मी आठवेल तसे मोर काढले, आणि प्रत्येक पिसाला सेव्ह करत बसलो, त्यामुळं पिसं थोडीच झाली.

लग्नात सुनीताच्या सासूबाई रुखवतापुढं थांबल्या. चादर निरखून म्हणाल्या, "कोंबड्या लई झ्याक जमल्यात."

"आमच्यात शुभ असत्यात," सुनीता शांतपणे म्हणाली. तिनंच माझी लाज राखली.

तेव्हापासून त्यांच्या घरात लग्न निघालं की कोंबड्यांच्या चादरीसाठी फोन येतो. ती नक्षी मी सात ठिकाणी सेव्ह करून ठेवली आहे.