व्याह्यांच्या घरातली मबुंगोची वेल

आमच्या व्याह्यांइतका दमवणारा माणूस अख्ख्या ओंटारिओत दुसरा नसेल. मी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं लोकांना भूल देऊन झोपवलं. निवृत्तीनंतर आपणही जरा पडून राहावं, एवढीच माझी इच्छा होती. पण मुलीनं ओकव्हिलच्या एका गुणी मुलाशी लग्न केलं, त्या मुलाबरोबर त्याचे वडील आले आणि वडिलांबरोबर मबुंगोची वेल आली.

मबुंगो ही आफ्रिकेच्या जंगलातली रानवेल. मोठाल्या झाडांवर चढते, कुठेही खरचटली की पांढरा चीक गाळते, आणि तिला नारिंगी फळं लागतात. आत बियांभोवती आंबटगोड गर. व्याही तरुणपणी टांझानियात रस्ते बांधायला होते, तेव्हा त्यांनी ती खाल्ली होती. खाल्ली तर खाल्ली, माणूस विसरून जातो. यांनी निवृत्त झाल्यावर बिया मागवायला सरकारकडे रीतसर अप्लाय केलं, चौदा महिने पत्रं लिहिली, आणि परमिट आलं तेव्हा ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. इंजिनिअरिंगची डिग्री बेसमेंटमध्ये गेली. वेलीला थंडी सोसत नाही म्हणून घर बारा महिने सव्वीस डिग्रीवर. त्यांच्याकडे पाहुणे नुसते बूट-जॅकेट काढून थांबत नसत. एका दिवाळीला एक निवृत्त प्रोफेसर बनियनवर फराळ करताना मी पाहिलेत. वेल जिन्याच्या कठड्यावरून वर गेली आणि वॉशरूमच्या दारात शिरली. ते दार पुढे कधी लागलंच नाही. आत गेलेल्या माणसानं मोठ्यानं गाणं म्हणत बसायचं, असा घरचा नियम होता. आणि एवढं करून नऊ वर्षांत फळ सोडा, एक कळी नाही!

२०१७च्या जानेवारीत गोठता पाऊस पडला आणि ओकव्हिलची वीज गेली. सकाळी सहाला व्याह्यांचा फोन. "डॉक्टर, इमर्जन्सी आहे. तुमचा जनरेटर घेऊन या."

"कुणाला काय झालं?"

"कळ्या आल्यात!"

मुलीच्या सासऱ्यांना नाही म्हणता येत नाही. जनरेटर गाडीत चढवला आणि विंटर टायर्सच्या भरवशावर चारशे तीन नंबरच्या हायवेवरून रांगत निघालो. पोचलो तर विहीणबाई स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून उभ्या. "बघा," त्या म्हणाल्या, "मला एक कोट आणि तिला घरातल्या सगळ्या रजया." व्याही जिन्यात बसून वेलीच्या बुंध्याला गरम पाण्याच्या पिशव्या लावत होते. जनरेटर सुरू झाला, वेल वाचली. पुढे पांढरी, चांदण्यांसारखी फुलं आली. व्याह्यांनी नातवाच्या रंगाच्या ब्रशनं त्यांच्यात पराग फिरवले, आणि एक फळ धरलं. एकच. दर रविवारी मला त्याचा घेर फोनवर कळवला जाई. मी "अरे वा" म्हणून डोळे मिटून घेई.

ऑक्टोबरात ते स्वतः माझ्या दारात आले. हातात टॉवेलात गुंडाळलेलं फळ. "एटोबिकोला नेऊन सोडा," म्हणाले. "आज एकट्यानं जायचा धीर होत नाही." वाटेत मी विचारलं, कोणाकडे? तेव्हा या बडबड्या माणसानं जी गोष्ट मला कधीच सांगितली नव्हती ती चार वाक्यांत सांगितली. टांझानियाच्या जंगलात त्यांची जीप चिखलात रुतली होती आणि ते मलेरियानं फणफणले होते. त्यांच्या ड्रायव्हरनं तीन दिवस झाडांवर चढून मबुंगो तोडले आणि त्याचा रस पाजून त्यांना जिवंत ठेवलं. तो ड्रायव्हर म्हातारपणी लेकीकडे कॅनडात आला होता आणि आता एटोबिकोच्या केअर होममध्ये होता. "बरीच वर्षं झाली, एकदा म्हणाला होता, मरण्याआधी तेवढं एक खायचंय."

म्हातारा खिडकीशी बसला होता, हाडांची मोळी नुसती. व्याह्यांनी फळ कापून त्याच्या तळहातावर गर ठेवला. त्यानं तो तोंडात घोळवला, एकेक बी काढून बशीत ठेवली, आणि स्वाहिलीत काहीतरी पुटपुटला. व्याही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतोय, कच्चं तोडलंस. अजून चार दिवस थांबायचं होतंस. तू पहिल्यापासून घाईचा." मग चष्मा पुसत हळूच मला म्हणाले, "चार दिवसांचा भरवसा नव्हता हो, डॉक्टर."

म्हाताऱ्यानं सगळं फळ संपवलं. त्याच हिवाळ्यात तो गेला.

पुढच्या वर्षी वेलीला अकरा फळं लागली. रविवारचे फोन मात्र आले नाहीत. सप्टेंबरअखेर विहीणबाईंचा फोन आला. "तुम्ही जरा या. फळं पिकून जिन्यात पडायला लागलीत आणि हे हात लावत नाहीत." मी गेलो. व्याही पडलेल्या फळांकडे बघत खालच्या पायरीवर बसले होते. मी गराजमधून शिडी आणली. दोघांत मी धाकटा, म्हणून मीच चढलो. त्यांनी उठून शिडी धरली. एकेक फळ मी खाली देत होतो आणि ते दोन्ही हातांनी घेत होते. शेवटचं देऊन उतरलो तेव्हा माझे गुडघे बोलत होते, बोटं चिकानं चिकटली होती.

"जेवूनच जा आता," ते म्हणाले.

बाहेर अंधारून आलं होतं आणि मला घरी जायचं होतं. मी हात धुऊन त्यांच्या शेजारी जेवायला बसलो.